पगार चौपट झाला, पण घरंही दोन झाली

वाचक ताईंचं पत्र, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका ताईंनी लिहिलंय. वय ३२, बी.एड., गणिताच्या शिक्षिका. नऊ वर्षं एका विनाअनुदानित इंग्लिश मीडियम शाळेत आहेत, पगार १८ हजार, संध्याकाळी घरी शिकवण्या घेतात त्याचे ४ हजार. मिस्टरांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान, उन्हाळ्यात जोरात आणि पावसाळ्यात थंड. घराचा हप्ता साडेचौदा हजार, सासूबाईंना शुगर, मुलगी पहिलीत. आता केंद्रीय विद्यालयात (केव्हीत) टीजीटी, म्हणजे प्रशिक्षित पदवीधर शिक्षक, गणितासाठी निवड झालीये आणि पोस्टिंग आलंय थेट पश्चिम राजस्थानातल्या एका जिल्ह्याच्या गावी. महिन्याभरात जॉइन व्हायचंय. "घरचे म्हणतात लहान गाव आहे, स्वस्ताई असेल, एकटी जा, मुलीला इथंच ठेव म्हणजे खर्च वाचेल, आणि महिन्याला ४० हजार पाठव म्हणजे कर्ज लवकर फिटेल. शाळेतल्या मैत्रिणी म्हणतात परराज्यात सगळा पगार तिकडंच जिरतो, त्यापेक्षा पवित्र पोर्टलवरच्या राज्याच्या शिक्षक भरतीची वाट बघ. मला दोन्ही पटतं आणि दोन्ही पटत नाही. खरंच काही उरतं का हो?"

ताई, पहिल्यांदा अभिनंदन. पूर्ण पत्रात तुम्ही नोकरी लागल्याचा आनंद अर्ध्या ओळीत उरकलाय आणि खर्चाची काळजी दोन पानं, म्हणून म्हटलं कुणीतरी नीट अभिनंदन करायला पाहिजे.

आता हिशेबाला बसू. तुमच्याकडं सगळे एकच प्रश्न विचारतायत, ते गाव स्वस्त की महाग. मी तो प्रश्न जरा बाजूला ठेवणारे, कारण माझा अनुभव असा की गाव स्वस्त असलं तरी खर्च वाढतो आणि महाग असलं तरी वाढतो. मी लग्नानंतर चार वर्षं बिलासपूरला शिकवत होते, नवरा इकडं. हिशेबाची वही ठेवायचे, पानाच्या मधोमध रेघ, डावीकडं 'इथं' आणि उजवीकडं 'तिकडं'. डावीकडं भाडं, दूध, भाजी, रॉकेल, दर महिन्याला तेच आकडे, फार तर पाचपन्नास इकडं तिकडं. उजवीकडची बाजू मात्र वाढतच जायची, एसटीडीचं बिल, मनीऑर्डर, आजेसासऱ्यांच्या तेराव्याला जनरलच्या डब्यातनं केलेला प्रवास, परत येताना घेतलेली महागाची तिकिटं, नणंदेच्या डोहाळजेवणाला जाता आलं नाही म्हणून पाठवलेली साडी. दोन वर्षांनी कळलं की मला बिलासपूर महाग पडतच नव्हतं, मला अंतर महाग पडत होतं. तुमच्या घरात जो हिशेब चाललाय ना, त्यात ही उजवी बाजू कुणी लिहिलेलीच नाहीये.

आधी पगार मांडू, कारण 'चौपट' हा शब्द घरात नुसता फिरत असणार. टीजीटीला लेव्हल ७, बेसिक ४४,९००. महागाई भत्ता जुलै २०२५ पासूनचा ५८ टक्के धरला तर २६,०४२. इथं एक गंमत लक्षात घ्या, महागाई भत्ता देशभर एकच असतो, तो काढतात अखिल भारतीय निर्देशांकावरून, त्याला तुमच्या गावातल्या टोमॅटोचा भाव माहीत नसतो. गावाप्रमाणं बदलतं ते घरभाडं आणि प्रवास भत्ता. मुंबई, पुणे, बंगळूर, दिल्ली अशा आठ शहरांना एक्स म्हणतात, तिथं घरभाडं भत्ता, म्हणजे एचआरए, बेसिकच्या ३० टक्के, मधल्या शहरांना वाय म्हणजे २० टक्के, आणि उरलेला सगळा देश झेड, १० टक्के. तुमचं गाव झेडमधे येतं, म्हणजे ४,४९०. प्रवास भत्ता १,८०० आणि त्यावर महागाई मिळून २,८४४. सगळं धरून ७८,२७६. त्यातनं पेन्शनचे, एनपीएसचे, बेसिक अधिक महागाईच्या १० टक्के म्हणजे ७,०९४ कापले जातील. इन्कमटॅक्स नव्या पद्धतीत एवढ्या पगाराला सध्या बसत नाही आणि राजस्थानात प्रोफेशनल टॅक्स नाही, तर महाराष्ट्रात याच पगाराला वर्षाला अडीच हजार गेले असते. किरकोळ कापाकापी सोडली तर हातात ७१ हजार.

हेच पोस्टिंग बंगळूरला असतं तर एचआरए १३,४७० आणि प्रवास भत्ता ५,६८८, म्हणजे तुमच्यापेक्षा महिन्याला जवळपास १२ हजार जास्त. झेडमधे मिळतंच कमी, त्यामुळं गाव लहान म्हणून जे वाचेल असं वाटतं त्यातलं बरंचसं सरकारनं आधीच काढून घेतलेलं असतं. आणि लहान गावात शाळेजवळ, एकट्या बाईनं राहावं अशी घरं मुळात थोडी, म्हणून घरमालक म्हणेल ते भाडं. तुम्ही लिहिलंय तिथल्या एका मॅडमनी फोनवर दोन खोल्यांचे आठ हजार सांगितले. बघा, एचआरए साडेचार आणि भाडं आठ, वरचे साडेतीन हजार बेसिकमधनंच.

म्हणून भाड्याच्या घराआधी विद्यालयाच्या ऑफिसला फोन करा आणि स्टाफ क्वार्टर आहे का, रिकामं आहे का ते विचारा. क्वार्टर मिळालं की एचआरए मिळत नाही आणि वर थोडी लायसन्स फी कापतात, त्यामुळं काही लोक नाक मुरडतात. पण तुमच्या केसमधे साडेचार हजार सोडून आठ हजारांचं भाडं वाचतंय, डिपॉझिट नाही, शेजारी स्टाफ, शाळा चालत. मी तर डोळे झाकून घेतलं असतं. नाहीच मिळालं तर घर बघताना दोन गोष्टी आवर्जून विचारा, नळाला पाणी किती दिवसांनी येतं आणि टँकर लागला तर पैसे कुणाचे, आणि विजेचा मीटर स्वतंत्र आहे की घरमालकाचा सबमीटर. माझ्या घरमालकानं जिन्याखाली एक काळा डबा लावलेला, त्यात माझे युनिट पडायचे, आणि बोर्डाच्या दराच्या दीडपट लावून चिठ्ठी माझ्या दाराखालनं सरकवायचा. पंखा आणि दोन ट्यूब, तरी बिल असं की मी घरात पिठाची गिरणी चालवतेय. भांडले नाही, कारण घर बदलायला परत डिपॉझिट लागणार होतं.

आता तुमची खरी बेरीज. आज तुम्ही घरात २२ हजार आणता, १८ नाही. शिकवण्यांचे ४ हजार तुम्ही पत्रात असे लिहिलेत की जणू ते पैसे नव्हेतच, पण केव्हीच्या शिक्षकांना खासगी शिकवण्या घ्यायला बंदी आहे, तेव्हा ते बंद होणार, धरायलाच पाहिजेत. ७१ वजा २२, वाढ झाली ४९ हजारांची. तुम्ही एकट्या गेलात तर तिकडं भाडं ८, लाईट पाणी २, किराणा गॅस दूध साडेसहा, फोन औषध किरकोळ ३, असे साडेएकोणीस धरू, तुम्ही तुमचे आकडे घाला. उरले साडेएकोणतीस. गाड्यांचा खर्च, तुमच्या वर्षातल्या तीन खेपा, मिस्टरांची मुलीला घेऊन एखादी, ऐनवेळची तिकिटं, सगळं मिळून महिन्याला तीन हजार पडले समजा. साडेसव्वीस.

आणि आता ती ओळ जी घरी कुणी लिहिली नाही. सकाळी पावणेसहाला उठून तुम्ही जे करता, डबे, सासूबाईंचं वेळेवर खाणं, मुलीचा अभ्यास, वेणीफणी, ते तुम्ही तिकडं गेल्यावर कोण करणार? पत्रात तुम्हीच सहज लिहिलंय की "यांना चहासुद्धा येत नाही". स्वयंपाकाला बाई लावली तर साडेतीन हजार, मुलीला शिकवणी आणि शाळेनंतर कुणाकडं ठेवायचं त्याचे दीड. साडेएकवीस उरले. म्हणजे ४९ हजारांची उडी ही प्रत्यक्षात साडेएकवीस हजारांची आहे. हे कमी नाही हां, आज तुमची अख्खी मिळकत आहे जवळपास तेवढी नवीन भर पडतेय, शिवाय पेन्शनमधे तुमचे सात हजार आणि त्यावर सरकारचा हिस्सा वेगळाच. पण मैत्रिणी म्हणतात तसं सगळं जिरत नाही आणि घरचे म्हणतात तसं सगळं उरतही नाही.

४० हजार पाठवणं जमेल का? कागदावर जमतं. ७१ मधनं तिकडचे साडेएकोणीस आणि गाडीचे तीन गेले की ४८,५०० राहतात. फक्त ४० पाठवल्यावर तुमच्या हाताशी साडेआठ हजार, परमुलखात, एकट्या, दुखलंखुपलं तर त्यातच. आणि घरच्यांनी हे ४० सगळे कर्जात जातील असं धरलंय, त्यातले २७ तर आत्ताचं घर चालवायला (तुम्ही आज आणता ते २२), स्वयंपाकाच्या बाईला आणि मुलीच्या शिकवणी-सांभाळण्यालाच लागणारेत, कर्जाला जास्तीचे जातील ते १३. हा आकडा मिस्टरांसमोर कागदावर मांडा, तोंडी सांगू नका. तोंडी सांगितलं की "तुला पाठवायचेच नाहीत" असं ऐकू जातं.

मला तर वाटतं पहिलं वर्ष ४० चा विषयच काढू नये. पहिल्या वर्षाचं गणित वेगळंच असतं. नेमणुकीच्या पत्रात बहुतेक लिहिलेलं असेल की जॉइन व्हायला येण्याजाण्याचा खर्च मिळणार नाही. म्हणजे तिकिटं, सामान, दोन महिन्यांचं डिपॉझिट, गादी, कूलर, भांडी, सगळं खिशातनं. कागदपत्रांची पडताळणी, पेन्शन खात्याचा नंबर वगैरे होईपर्यंत पहिला पगार लांबूही शकतो, दोन महिने तरी बिनपगारी काढायची तयारी ठेवा. माझ्या हिशेबानं सव्वा लाख हाताशी हवेत. नसतील तर पर्सनल लोन किंवा क्रेडिट कार्डापेक्षा पाटल्या गहाण ठेवलेल्या बऱ्या, चारसहा महिन्यांत सोडवाल, आणि डोळ्यासमोर नसल्या की सोडवायची घाईही राहते. सासूबाईंना आधी सांगून ठेवा म्हणजे झालं.

कूलर म्हटलं ते मुद्दाम. तिकडची गरमी कोरडी असते, तिथं साधा कूलर छान काम करतो, आल्या आल्या हप्त्यावर एसी घेऊ नका. उलट लोक थंडीचा खर्च विसरतात. सांगलीच्या माणसाला थंडी म्हणजे एक शाल, तिकडं डिसेंबर जानेवारीच्या रात्री हाडं गोठवतात, रजई, स्वेटर, पाणी तापवायची सोय हे सगळं लागतंच लागतं. खाण्याचं म्हणाल तर बाजरी, गहू, मूग-मटकी, दूध तिथलंच, त्याची चिंता नको, पण ज्वारीचं पीठ आणि आपल्या चवीचा मसाला मिळणार नाही आणि पालेभाजीला जीव तरसेल. वर्षाची कांदा-लसूण चटणी करताना तुमच्या वाट्याची वेगळी बरणी भरा. हसू नका, चटणी संपली की माणूस बाहेर खायला लागतो हे मी स्वतःवरनं सांगतेय.

आता मुलीचा प्रश्न, ज्याबद्दल घरात "इथंच राहू दे, खर्च वाचेल" असं एका वाक्यात ठरलंय. वाचतो का बघू. तिला नेलं तर तिकडं खाणं वाढेल अडीच हजार, विद्यालय विकास निधी महिना ५०० आणि वह्या-युनिफॉर्म धरून हजार, तिच्या तिकिटांचा वाटा हजार. साडेचार हजार. इथं वाचेल काय, तुम्ही लिहिलेली तिची आत्ताची फी वर्षाला २४ हजार म्हणजे महिना दोन, शिकवणी आणि सांभाळायचे दीड. साडेतीन. वर मुलांचा शिक्षण भत्ता आहे, महागाई भत्ता ५० टक्क्यांना पोचला तेव्हापासून तो महिना २,८१२ रुपये ५० पैसे झालाय, वर्षअखेरीस शाळेचा दाखला जोडून एकदम मिळतो, पण तो मुलगी इथल्या मान्यताप्राप्त शाळेत राहिली तरी मिळतोच, म्हणून दोन्हीकडं सारखाच. म्हणजे नेलं तर खर्च साडेचार आणि वाचलेले साडेतीन, फरक जेमतेम हजाराचा. मुलीला मागं ठेवून महिन्याला एवढंच वाचतंय ताई! केव्हीत कर्मचाऱ्यांच्या मुलांच्या प्रवेशाची वेगळी तरतूद असते, आणि आईची शाळा तीच मुलीची, त्यामुळं दुपारी तिला कुठं ठेवायचं हा प्रश्नही बराचसा सुटतो.

याचा अर्थ न्याच असं मी म्हणत नाहीये. आजीला सोडून ती राहील का, मिस्टरांना संध्याकाळी रिकामं घर सोसेल का, तिचं मराठी वाचनलेखन सुटेल त्याचं काय, हे प्रश्न खरे आहेत. त्यावर भांडा, रडा, ठरवा. पण पैशाच्या नावाखाली मुलीला मागं ठेवू नका, कारण पैशानं फारसा फरक पडत नाहीये. मला विचाराल तर पहिले काही महिने एकट्या जा, घर लागू दे, पाणी-वीज-दूधवाला समजू दे, मग नव्या वर्षाला तिला न्या. फक्त एक अडचण बघून ठेवा, केव्हीचं सत्र १ एप्रिलला सुरू होतं आणि आपल्याकडं एप्रिलमधे परीक्षाच चालू असतात, दाखला वेळेत मिळावा म्हणून आत्ताच्या शाळेत फेब्रुवारीतच बोलून ठेवा.

पवित्र पोर्टलचं पण बोलते, कारण मैत्रिणी वाईट सल्ला देत नाहीयेत, त्यांना तुम्ही जवळ हव्या आहात. पण तिकडं निवड झाली तरी पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक, मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८. म्हणजे तीन वर्षं आत्ताच्याच पैशात. आणि जिल्हा घरचाच मिळेल याची खात्री काय? सांगलीहून गडचिरोली काही रविवारी जाऊन येण्यासारखं नाही, राज्य एकच असलं तरी घरं दोनच होणार, फक्त १८ हजारांत. हातातलं सोडून त्याची वाट बघावी असं मला वाटत नाही. जाऊच नये याचं एकच कारण मला तुमच्या पत्रात दिसलं, सासूबाईंची तब्येत, आणि त्याबद्दल तुम्ही फक्त 'शुगर' एवढाच शब्द लिहिलाय. गोळीवरची शुगर असेल तर सोय लावता येते, पायाला जखमा होत असतील, डोळ्याचं चालू असेल तर आधी डॉक्टरांशी नीट बोला आणि नणंदेलाही त्या बोलण्यात घ्या. वर मी स्वयंपाकाच्या बाईचे साडेतीन हजार धरलेत, त्यात आजारी माणसाजवळ बसणं धरलेलं नाही.

निघायच्या आधीची काही कामं. आत्ताच्या शाळेकडनं अनुभवाचा दाखला आणि तुमची मूळ प्रमाणपत्रं हातात पडल्याशिवाय राजीनाम्यानंतरचा शेवटचा दिवस संपवू नका, जॉइन होताना ओरिजिनल दाखवावीच लागतात आणि काही संस्था ती अडकवून ठेवतात. तिकडं जॉइन झाल्यावर सुरुवातीलाच होम टाउनची नोंद करून घ्या, गाव सांगली जिल्ह्यातलं लिहा, सासर-माहेर घोळ घालू नका. एक वर्ष नोकरी झाली की एलटीसी, म्हणजे रजेतल्या प्रवासाची सवलत, लागू होते, नवीन लागलेल्यांना पहिल्या आठ वर्षांत चार वर्षांच्या दर ब्लॉकमधे तीनदा गावी आणि एकदा भारतात कुठंही जाण्याचं भाडं मिळतं, मी वर गाड्यांचे तीन हजार धरलेत ते दुसऱ्या वर्षापासून बरेच हलके होतील. दोन वर्षं प्रोबेशन आहे, तेव्हा बदली कधी मिळेल या आशेवर आत्ता कुठलाही हिशेब उभा करू नका.

स्कूटी न्यायचं म्हणताय ती आत्ता राहू दे. दुसऱ्या राज्यात गाडी बारा महिन्यांवर ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी इथल्या आरटीओची एनओसी, तिकडचा टॅक्स, इथल्या टॅक्सच्या परताव्याचा अर्ज, एवढं सगळं शाळा चालत असेल तर कशाला? सहा महिने राहून बघा, लागलीच तर रेल्वे पार्सलनं मागवता येते.

आणि सुट्ट्यांचं कॅलेंडर आल्या दिवशी बघा. आपल्या डोक्यात दिवाळीची सुट्टी पक्की बसलेली असते, केव्हीत मोठी सुट्टी बहुतेक दसऱ्याच्या आसपास येते आणि दिवाळीला एकदोन दिवस. मिरजेवरनं जोधपूरकडं थेट गाडी आहे पण रोज नाही, आणि रिझर्वेशन आता ६० दिवस आधी उघडतं, सकाळी ८ ला. दसऱ्याची तारीख बघा, त्यातनं ६० दिवस मागं मोजा आणि ती तारीख मिस्टरांच्या दुकानातल्या कॅलेंडरवर लाल पेननं गोल करून ठेवा, तिकीट त्यांनी काढायचं. चहा नाही तर नाही, एवढं तर येईल त्यांना.